मानव्यविद्या : नाशिकच्या संदर्भात

भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, धर्मविचार, कलामीमांसा अशा, माणसाने मागे ठेवलेल्या खुणांचा अर्थ लावणाऱ्या अभ्यासशाखांना मिळून मानव्यविद्या म्हणतात. कॉलेजच्या बोलीत ‘आर्ट्स’. काटेकोरपणे पाहिले तर अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र ही सामाजिक शास्त्रे. पण प्रवेशाच्या वेळी सगळे एकाच रांगेत उभे असतात. दहावीचा निकाल लागला की ‘आर्ट्स घेतलं? मग पुढे काय?’ असे ज्या सुरात विचारले जाते, त्या सुरातच या विद्यांच्या आजच्या प्रतिष्ठेचे निम्मे वर्णन येते.

युरोपात या कल्पनेचे मूळ प्रबोधनकाळातील इटलीत सापडते. तेथे व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिविचार हे विषय एकत्र शिकवत. निसर्गविज्ञानाहून त्यांची पद्धत वेगळी का, याची नीट मांडणी जर्मन विचारवंत विल्हेल्म डिल्टाय याने 1883 मध्ये केली : निसर्गाचा कार्यकारणभाव सांगता येतो, माणसाची कृती मात्र समजून घ्यावी लागते. आपल्याकडे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी वाक्यार्थावर आणि टीकाकारांनी एकेका ओवीवर जो खल केला, तो याच जातीचा.

समजून घेणे म्हणजे नेमके काय, ते पाहायला नाशिककरांना फार लांब जावे लागत नाही. पांडवलेण्यांतील (त्रिरश्मी लेणी) दहाव्या लेण्याच्या ओसरीत, क्षहरात वंशातील क्षत्रप (राजा) नहपान याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. त्याने भिक्षुसंघाला 3,000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, दिली आणि ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, गुंतवली : 2,000 शेकडा एक दराने आणि 1,000 ‘पायून’ दराने. हा ‘पायून’ म्हणजे आपला पाऊण. लेखात दोनसाठी आलेला ‘बे’ पाढ्यात आजही ‘बे एके बे’ म्हणून जिवंत आहे. मुद्दल परत करायचे नाही, फक्त ‘वढी’ भोगायची. वढी म्हणजे वाढ, व्याज. त्यातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, अशी तजवीज आहे.

आता गंमत अशी की दर महिन्याचा की वर्षाचा, हे लेखात सांगितलेलेच नाही. अभ्यासकांनी ते असे काढले : वीस भिक्षू गुणिले बारा म्हणजे 240. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे 20. वर्षाला 240 व्हायचे तर हे 20 दरमहाच यायला हवेत. हिशेब चोख बसतो. पण उरलेल्या हजारावरचे व्याज ज्यासाठी ठेवले, त्या ‘कुसणमूल’ या शब्दाचा अर्थ गुणाकाराने लागत नाही. किरकोळ खर्च म्हणावा की आणखी काही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आकडेमोड आणि शब्दार्थ यांत भांडण नाही. एक थांबते तेथून दुसऱ्याचे काम सुरू होते. ‘आर्ट्सवाल्यांना गणित नको असते’ म्हणणाऱ्याने हा लेख एकदा सोडवून पाहावा.

शिवाय लेखावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. दान देणारा आपले दान कोरतो, जिंकणारा आपला विजय. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात, म्हणजे नहपानाचा, वंश निःशेष केला असे सांगते. ही आईने केलेली स्तुती. मात्र 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. आईच्या शब्दाला नाण्यांनी साक्ष दिली. कोण बोलतो, कोणापुढे, कशासाठी आणि दुसरा पुरावा काय, हे विचारण्याची सवय लावणे हेच या विद्यांचे प्रयोजन, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मोबाइलवर रोज येणाऱ्या ‘खऱ्या इतिहासा’च्या संदेशांना हेच प्रश्न विचारले तर बरेचसे संदेश पुढे सरकणारच नाहीत.

गावाच्या नावाचेही तसेच. शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नासिक, ही कथा पंचवटीत लहान मुलालाही ठाऊक असते. अठराव्या लेण्यातील, म्हणजे चैत्यगृहातील, लेखात ‘नासिक’ हे नाव प्रत्यक्ष कोरलेले आहे. लेखामुळे कथा खोटी पडत नाही, कथेमुळे लेखाचे वय वाढत नाही. दोन्हींचे काम वेगळे.

काही प्रश्न तर पुराव्यानेही मिटत नाहीत. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो सुमारे पाच वर्षे चालला, भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांनी तो लावून धरला, तरी मंदिराचे दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देव कोणाचा, परंपरा म्हणजे कोणाची परंपरा, अन्याय करणारा धर्म सोडण्याचा हक्क कोठून येतो : हे प्रश्न नीतीचे, इतिहासाचे आणि भाषेचेही आहेत.

शहरात या अभ्यासाला जुना आधार आहे. सार्वजनिक वाचनालय 1840 चे. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय 1924 चे. कुसुमाग्रज येथलेच; त्यांचा जन्मदिवस, 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते.

पोटापाण्याचा प्रश्न खोटा नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आयटीआयवाल्याला काम लवकर मिळते, तत्त्वज्ञानाच्या पदवीधराला नाही. उत्तरादाखल स्पर्धा परीक्षेचा दाखला देतात : इतिहास, राज्यघटना, निबंध हे सगळे तेथे लागतेच. दाखला खरा आहे, पण अपुरा. परीक्षेपुरता वाचलेला इतिहास निकालाबरोबर रद्दीत जातो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे उदाहरण अधिक बोलके. 1989 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात संसार किंवा नोकरी सांभाळून बी. ए. करणारे असतात. ‘मग पुढे काय?’ हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांनी आधीच सोडवलेला असतो. ते आता मागचे वाचायला आलेले असतात. विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे, आणि त्याच वाटेवर गोवर्धन नावाचे गाव.