आठपर्यंत गुडघ्यावर

१ डिसेंबर २०१८, लॉस एंजेलिस, बॉक्सिंगच्या लढतीचा बारावा राउंड. डिऑन्टे वाइल्डरचा उजवा ठोसा आणि पाठोपाठ डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला आणि टायसन फ्युरी उताणा पडला. रेफ्री आकडे मोजतोय, दहाच्या आत उठला नाही तर हार, आणि हा निपचित. मोजणी निम्म्यावर आली तेव्हा कुठे हलला आणि नऊला पायांवर उभा होता. रेफ्रीने त्याला बाजूला चालत जाऊन परत यायला लावलं, मगच लढत पुढे सुरू केली. ती बरोबरीत सुटली. २०२१ मध्ये तिसऱ्या लढतीत फ्युरी चौथ्या राउंडमध्ये दोनदा पडला आणि अकराव्यात त्याने वाइल्डरला नॉकआउट केलं.

जिगर लागते, हे नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव करणारं पोरगंही सांगेल. लागतेच. पण त्या दहा सेकंदांत जिगरीच्या आधी मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे मेंदूच्या तळाशी मणक्याला जोडणाऱ्या देठाला, जागं व्हावं लागतं.

मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा, मऊ आणि द्रवात तरंगणारा. कपाळावर समोरून बसलेला ठोसा डोकं मागे ढकलतो. हनुवटीच्या कडेला बसलेला हूक ते गर्रकन फिरवतो. दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि मग कडीजवळ, म्हणजे हनुवटीवरच नेम का धरतात ते कळेल. कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि आतले तंतू पिळले जातात. माणसाला जागं ठेवणारी आणि तोल सांभाळणारी केंद्रं मस्तिष्कस्तंभात जवळजवळ आहेत, म्हणून शुद्ध पुरती गेली नाही तरी पाय जातात. ठोसा येताना दिसला तर मान आपोआप आवळली जाते आणि डोकं कमी फिरतं. न दिसलेला ठोसा म्हणूनच सगळ्यात वाईट.

पेशींच्या पातळीवर पोटॅशियम बाहेर सांडतं आणि कॅल्शियम आत घुसतं. ते जागच्या जागी आणायला पेशी ग्लुकोज भराभर जाळतात आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. शुद्ध काही सेकंदांत येते. ही उधारी फिटायला काही दिवस, कधी आठवडा-दीड आठवडा लागतो.

म्हणून पडल्यावर तिसऱ्या आकड्यालाच उसळून उठणं हा नवख्यांचा मोठा घोटाळा. 'काही झालं नाही' हे दाखवायच्या नादात पाय लटपटतात, रेफ्रीला ते दिसतं किंवा पुढचाच ठोसा काम संपवतो. जाणकार एका गुडघ्यावर येतो, रेफ्रीच्या बोटांकडे बघत श्वास घेतो आणि आठला उठतो. उठल्यावर पाय खांद्यांइतके फाकलेले, हातमोजे वर. मग पहिलं काम क्लिंच: समोरच्याचे दंड काखेत दाबायचे, डोकं त्याच्या खांद्यावर टेकवायचं आणि घड्याळ चालू द्यायचं. घंटेपर्यंत तग धरला की कॉर्नरमध्ये साठ सेकंद मिळतात. आर्ची मूर १९५८ मध्ये माँट्रियलला इव्हॉन ड्युरेलसमोर पहिल्याच राउंडमध्ये तीनदा आणि पाचव्यात पुन्हा एकदा पडला, तरी अकराव्यात जिंकला. दिएगो कोरालेसने २००५ मध्ये कास्तियोविरुद्ध दहाव्या राउंडमध्ये दोनदा पडून त्याच राउंडमध्ये लढत जिंकली. मधे माउथगार्ड (दात वाचवणारं तोंडातलं कवच) बाहेर आल्यामुळे त्याचा एक गुण कापला गेला, पण ते धुऊन पुन्हा बसवेपर्यंत जादा सेकंदही मिळाले. गुणाच्या बदल्यात श्वास. सौदा वादग्रस्त, पण स्वस्त.

यकृतावरच्या ठोशाला हे काहीच लागू नाही. उजव्या बरगड्यांखाली डावा हूक बसला की क्षणभराने कळ येते, रक्तदाब कोसळतो आणि डोकं पूर्ण शुद्धीवर असूनही माणूस उठू शकत नाही.

नागपूरकरांसाठी आणखी एक भानगड. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पत्र्याच्या हॉलमध्ये सराव करताना घाम दिसतच नाही, कारण कोरड्या हवेत तो अंगावरच उडून जातो. पोरांना वाटतं, आज घामच आला नाही. सरावाआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा: एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ते भरून काढायला पुढच्या काही तासांत दीड लिटर हळूहळू प्यायचं, चिमूटभर मीठ घालून. वजनगट गाठायला पाणी तोडलेल्या खेळाडूच्या अंगात रक्ताचं आकारमान कमी असतं. पडल्यावर उठताना त्याचा रक्तदाब जास्त घसरतो आणि गुडघ्यावरचे आठ आकडेही त्याला पुरत नाहीत.

सरावात, म्हणजे १६ औंसांचे हातमोजे घालून चाललेल्या स्पारिंगमध्ये (जोडीदाराशी सरावाच्या लढतीत) कुणी डोक्याला मार लागून पडला, तर मोजायचं नाही, तिथेच थांबवायचं. हात ताठ होऊन हवेत राहिले तर तो मेंदूला मार लागल्याचा संकेत आहे. मान न हलवता तोंडातलं माउथगार्ड काढा, श्वास बघा, १०८ ला फोन करा. तोंडावर पाणी मारणं, कांदा हुंगवणं बंद: दचकून डोकं झटकलं जातं आणि मानेला इजा असेल तर ती वाढते. शुद्धीवर आलेल्यालाही उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर थेट रुग्णालय.

हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झालेल्याला किमान ३० दिवस रिंगबंदी असते आणि त्यात स्पारिंगही येतं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग दोरीच्या उड्या आणि शॅडो (हवेत ठोसे), मग बॅगवर ठोसे. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. डोकं दुखलं की एक पायरी खाली. स्पारिंग सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावर.