महासाथ आणि प्रादेशिक सुरक्षा

एकाच वेळी अनेक देशांत पसरलेल्या साथीचा सैन्याच्या सज्जतेवर, शेजारी राष्ट्रांच्या संबंधांवर आणि अत्यावश्यक मालाच्या पुरवठ्यावर होणारा परिणाम. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने इबोलाच्या साथीला १८ सप्टेंबर २०१४ च्या ठराव २१७७ मध्ये आंतरराष्ट्रीय शांततेला असलेला धोका ठरवले. कोविड-१९ च्या वेळी मात्र सरचिटणिसांनी २३ मार्च २०२० रोजी जागतिक युद्धबंदीचे आवाहन करूनही ठराव २५३२ व्हायला १ जुलै उजाडला. जागतिक आरोग्य संघटनेचा उल्लेख असावा की नसावा, यावरच अमेरिका आणि चीन अडून बसले होते. दरम्यान जूनमध्ये लडाखमधल्या गलवानला भारत आणि चीनच्या सैन्यांत चकमक झालीच. साथीत सीमा शांत राहतात, ही समजूत भाबडी आहे.

सैन्यात सर्वांत आधी जहाजे अडकतात. एकावर एक झोपण्याचे कप्पे, अरुंद जिने आणि एकच भोजनगृह असल्याने विलगीकरणाला जागा उरत नाही. 'थिओडोर रूझवेल्ट' या अमेरिकी विमानवाहू नौकेवरच्या ४,७७९ जणांपैकी १,२७१ जणांना लागण झाली आणि मार्च २०२० मध्ये ती ग्वामला थांबवावी लागली.

याहून खोल परिणाम पुरवठ्यातून होतो. बांगलादेशाने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडून दरमहा ५० लाख याप्रमाणे ३ कोटी कोविशील्ड मात्रा घेण्याचा करार केला आणि ७ फेब्रुवारी २०२१ ला देशभर लसीकरण सुरू केले. खरेदीपैकी ७० लाख मात्रा पोहोचल्या. मग भारतात दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. त्याच सुमारास लसनिर्मितीला लागणाऱ्या, एकदाच वापरायच्या पिशव्या आणि गाळण्या अमेरिकेतून मिळेनाशा झाल्या होत्या. दोन मात्रांची लस अशी मध्येच तुटली की पहिली घेतलेले लोक अधांतरी राहतात, म्हणून उरलेला साठा त्यांच्यासाठी राखणे भाग पडते. ढाक्याने २६ एप्रिलला पहिली मात्रा देणे बंद केले ते याच कारणाने. सगळा भरवसा एकाच कारखान्यावर ठेवल्याची ही किंमत होती, आणि ती दिल्लीलाही मोजावी लागली: १२ मे रोजी चीनने सायनोफार्मच्या ५ लाख मात्रा भेट म्हणून पाठवल्या, पाठोपाठ खरेदी झाली, आणि ऑगस्टमध्ये तीच लस बांगलादेशात कुप्यांत भरण्याचा करारही झाला. भारताची निर्यात पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबरमध्ये.