लाव्हाखालचा समुद्र कायमचा ओसाड होत नाही

‘लाव्हारस समुद्रात उतरला की तिथे शतकानुशतके प्रवाळ उगवत नाही, त्यामुळे ज्वालामुखीच्या बेटांजवळ स्कूबा डायव्हिंग करून पाहण्याजोगे काही उरत नाही,’ हा समज चुकीचा आहे. इंडोनेशियातील बांदा आपी ज्वालामुखीचा मे १९८८ मध्ये उद्रेक झाला, तेव्हा लाव्हाखाली सापडलेले प्रवाळ नष्ट झाले हे खरेच. मात्र अवघ्या पाच वर्षांनी संशोधकांना त्याच थिजलेल्या लाव्हावर प्रवाळाच्या १२४ प्रजाती आणि ६० टक्क्यांहून अधिक प्रवाळ-आच्छादन आढळले. काही मेजासारखी सपाट प्रवाळे तर ९० सेंटिमीटरपेक्षा रुंद झाली होती, आणि हा वेग खरोखर थक्क करणारा आहे. प्रवाळाच्या अळ्यांना हलणारी वाळू नव्हे, तर स्थिर, कठीण, खडबडीत पृष्ठभाग लागतो. तो थंड झालेल्या लाव्हाने दिला आणि शेजारच्या जिवंत प्रवाळभित्तींनी अळ्या पुरवल्या.