हमीभाव जिनिव्हात ठरत नाही

जिनिव्हात मुख्यालय असलेल्या जागतिक व्यापार संघटनेने हमीभावावर बंदी घातली आहे, हा समज डंकेल प्रस्तावाच्या (या संघटनेचा पाया ठरलेल्या करार-मसुद्याच्या) काळापासून खानदेशच्या कापूसपट्ट्यात, चोपड्यापासून शहाद्यापर्यंत, टिकून आहे. तो चुकीचा आहे. कापसाचा हमीभाव कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारच जाहीर करते. (खरेदी केंद्र उशिरा उघडते, हा दोष तर जिनिव्हाचा मुळीच नव्हे.) संघटनेचा कृषी करार केवळ मर्यादा घालतो: भारतासारख्या विकसनशील देशाला पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत हमीभावासारखा आधार देता येतो. मात्र तो मोजताना आजही १९८६-८८ च्या संदर्भ किमती (हमीभावाशी तुलनेसाठीच्या ठरावीक किमती) धरल्या जातात, आणि इतका जुना मापदंड वापरणाऱ्या संस्थेवर शेतकऱ्याने विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

नियम बलाढ्यालाही लागू होतो असे दिसले, तरच अशा संस्थेला लोकमान्यता मिळते. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये केलेल्या तक्रारीचा निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला आणि अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. पुढे अमेरिकेनेच सदस्यांच्या नेमणुका रोखल्यामुळे संघटनेतील निकालांवरची अपिले ऐकणारे अपिलीय मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प झाले. त्यामुळे आज तसाच निकाल लागला, तरी हरलेला देश अपील दाखल करून तो अधांतरी ठेवू शकतो.