लँथनम ब्रोमाइड की सेरियम ब्रोमाइड? विखंडनातले गॅमा मोजताना

लँथनम ब्रोमाइड आणि सेरियम ब्रोमाइड ही दोन सिंटिलेशन स्फटिकं (गॅमा किरण आत शिरला की चमकणारी, आणि त्या चमकेवरून तो मोजू देणारी) सहज एकमेकांच्या जागी धरली जातात, आणि त्याला कारणही आहे. दोन्ही हवेतला ओलावा शोषतात, म्हणून ॲल्युमिनियमच्या डबीत सीलबंद येतात. दोघांची घनता ५.१ ग्रॅम प्रति घन सेंमीच्या आसपास. दोघांतला प्रकाश २० नॅनोसेकंदांच्या आत-बाहेर ओसरतो, आणि दोघांतही प्रत्यक्ष चमकतो तो सेरियमच. पहिल्यात लँथनमच्या जाळीत साधारण ५ टक्के सेरियम मिसळलेला असतो. दुसऱ्यात सगळी जाळीच सेरियमची. विखंडनाच्या, म्हणजे अणुकेंद्रक फुटण्याच्या, मोजमापासाठी यांतला कुठला घ्यावा, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘लँथनम स्वतःच किरणोत्सारी आहे, तो टाळा’ असं मिळतं. मला ते अर्धवट वाटतं.

आधी मोजायचं काय ते पाहू. युरेनियम-२३५ मंद न्यूट्रॉनने फुटला की त्याच क्षणी सरासरी ८ च्या आसपास गॅमा बाहेर पडतात, मिळून सुमारे ७ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे. हे तात्कालिक गॅमा. अणुभट्टीच्या गाभ्यातली साधारण दहा टक्के उष्णता गॅमांमुळे असते, म्हणून ही संख्या नेमकी हवी. १९७० च्या दशकातली मोजमापं सोडियम आयोडाइडवर झाली होती, आणि त्याचा प्रकाश ओसरायला २३० नॅनोसेकंद लागतात. पुढे बेल्जियममधल्या गील इथल्या गटाने नव्या लँथनम आणि सेरियम स्फटिकांनी ही मोजमापं पुन्हा केली.

वेग का महत्त्वाचा? विखंडनात गॅमांसोबत न्यूट्रॉनही सुटतात आणि स्फटिकात शिरून खोटे गॅमा निर्माण करतात. स्फटिक ३० सेंमीवर ठेवलं तर गॅमा १ नॅनोसेकंदात पोहोचतो, २ एमईव्हीच्या न्यूट्रॉनला १५ लागतात. नॅनोसेकंदाहून बारीक वेळ सांगणारा डिटेक्टर त्यांना सरळ वेगळं करतो. इथे दोन्ही ब्रोमाइड जवळपास सारखेच.

आता तो किरणोत्सार. नैसर्गिक लँथनममध्ये ०.०९ टक्के लँथनम-१३८ असतो. शिवाय ॲक्टिनियम-२२७ चा अंश सोबत येतो, कारण रसायनाच्या दृष्टीने तो लँथनमचाच भाऊबंद. शुद्धीकरणात सहजासहजी सुटत नाही. दोन्ही मिळून दर घन सेंमीला सेकंदाला एक-दोन खोट्या नोंदी. १०० घन सेंमीच्या स्फटिकात समजा २०० झाल्या. ऐकायला जास्त वाटतं. पण तात्कालिक गॅमा मोजताना आपण फक्त विखंडन झाल्याचा इशारा मिळाल्यानंतरची, समजा १० नॅनोसेकंदांची खिडकी उघडतो. त्यात खोटी नोंद पडते ती पाच लाख विखंडनांत एखादी, आणि तेवढ्यात ३० सेंमीवरच्या त्याच स्फटिकाने काही हजार खरे गॅमा टिपलेले असतात. म्हणजे या मोजमापात लँथनम टाळायला हे कारण पुरत नाही. उलट ६६२ केईव्हीवर (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) त्याचं रिझोल्यूशन, म्हणजे शिखराची रुंदी, जितकी कमी तितकी चांगली, सुमारे ३ टक्के, सेरियम ब्रोमाइडचं ४ टक्के. इथे मी लँथनमच घेईन.

विलंबित गॅमांचं गणित मात्र पार वेगळं. विखंडनाचे तुकडे मिनिटांनी, दिवसांनी गॅमा सोडतात. तिथे इशारा नाही, खिडकी नाही, स्फटिकाची स्वतःची प्रत्येक नोंद वर्णपटात (ऊर्जेनुसार मोजणीच्या आलेखात) उतरते. सीझियम-१३८ घ्या. विखंडनातून भरपूर निर्माण होतो, अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या थोडं वर, आणि त्याची ठळक रेषा १४३६ केईव्हीला. लँथनम-१३८ ची रेषाही तीच, कारण दोघंही क्षय पावून बेरियम-१३८ च्या त्याच उत्तेजित पातळीवर येतात. स्फटिकाच्या पोटात क्षय झाल्याने बेरियमचे क्ष-किरणही मोजले जातात, त्यामुळे आतलं शिखर १४७० च्या आसपास सरकतं. पण त्या ऊर्जेला शिखराची रुंदीच ३० केईव्हीच्या घरात, तेव्हा दोन्ही एकमेकांवर चढतात. पोटॅशियम-४० चं १४६१ चं शिखरही तिथेच घुसतं. वर ॲक्टिनियमच्या अल्फांचा उंचवटा साधारण १.६ ते ३ एमईव्हीपर्यंत पसरलेला. या कामाला सेरियम ब्रोमाइडच घ्यावा. त्यातही ॲक्टिनियमचा अंश सापडू शकतो, पण १३८ ची कटकट नाही. अगदी जवळच्या रेषा सोडवायच्या असतील, जसं नायोबियम-९७ ची ६५८ आणि सीझियम-१३७ ची ६६२, तर दोन्ही बाजूला ठेवून जर्मेनियमचा डिटेक्टर लावावा.

एक गोष्ट खरेदीच्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नाही. मंद न्यूट्रॉन लँथनम ब्रोमाइडमध्ये शिरले तर लँथनम-१४० तयार होतो आणि १५९६ केईव्हीची रेषा देतो. हाच लँथनम-१४० विखंडनाचंही महत्त्वाचं उत्पादन आहे, म्हणजे नमुना काढून घेतला तरी स्फटिकाच्या स्वतःच्या नोंदी त्या भागात येत राहतील. ब्रोमीन दोघांतही न्यूट्रॉन पकडतं. त्यातून होणाऱ्या ब्रोमीन-८२ चं अर्धायुष्य ३५ तासांचं. तेव्हा न्यूट्रॉनच्या झोतात राहिलेल्या डिटेक्टरवर विलंबित गॅमांची मोजणी लावण्याआधी नमुना न ठेवता एक रात्रभराची नोंद घ्या, आणि १५९६ जवळ काही उगवलंय का ते बघा.