फोटोची बॅकग्राउंड: अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये खऱ्या जागा कशा आल्या

नाशकात कोणीही पॉइंट अँड क्लिक अ‍ॅडव्हेंचर गेम, म्हणजे चित्रातल्या वस्तूंवर माउसने क्लिक करत कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायचा गेम, करायचं मनावर घेतलं की जागा लगेच ठरते, गोदाघाट नाहीतर तिवंध्याकडचा एखादा जुना वाडा, आणि पाठोपाठ कोणीतरी म्हणतंच की बॅकग्राउंड काढत बसायला वेळ कुणाकडे आहे, सकाळी जाऊन फोटो काढून आणू. कल्पना चांगलीच आहे, मला स्वतःला फोटोवाले गेम फार आवडतात. पण हे खूप जणांनी आधी करून बघितलंय, आणि त्यांचं काय झालं ते माहीत असलं तर बरीच मेहनत वाचते, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

अ‍ॅडव्हेंचर गेम आधी नुसता मजकुराचा होता. रॉबर्टा आणि केन विल्यम्स या जोडप्याने १९८० मध्ये अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरवर मिस्ट्री हाउस काढला आणि चित्रं आली, तीही साध्या रेघांची, रंग भरलेले नाहीत. खऱ्या फोटोंमधून हिंडायचा प्रयोग मात्र त्याच्याही आधी सुरू झालेला, फक्त तो गेम नव्हता. १९७८ मध्ये एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या लोकांनी अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन गावात गाडीच्या टपावर कॅमेरे बसवले, दर दहा फुटांवर फोटो घेत रस्ते पालथे घातले आणि ते फोटो लेसरडिस्कवर, म्हणजे व्हिडिओच्या मोठ्या तबकडीवर, भरले, मग स्क्रीनवर बोट ठेवून इकडे वळ तिकडे वळ करत त्या गावात फिरता यायचं. आज आपण मोबाईलवर रस्ते बघतो ते याच वळणाचं. पण लेसरडिस्क घरोघरी थोडीच होती, म्हणून घरच्या गेमला तिथवर पोचायला अजून बरीच वर्षं लागली.

अडचण रंगांची होती. सोळा रंगांमध्ये फोटो टाकला की चेहऱ्याचं आणि दगडाचं सारखंच काहीतरी होतं. १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए हे पीसीच्या चित्रांचं नवं तंत्र आणलं, ३२० बाय २०० च्या स्क्रीनवर एका वेळी २५६ रंग, आणि पहिल्यांदाच पीसीवर फोटो फोटोसारखा दिसायला लागला. अ‍ॅक्सेस सॉफ्टवेअरच्या मीन स्ट्रीट्स या गेममध्ये १९८९ मध्येच माणसांचे खरे चेहरे स्कॅन करून टाकलेले आहेत. मग जागेचा प्रश्न. असं एक चित्र म्हणजे ६४,००० पिक्सेल, म्हणजे तितकेच बाइट, १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर दाबून न बसवता वीस-बावीस चित्रं मावणार. हाताने काढलेल्या चित्रात सपाट रंगाचे पट्टे असतात, ते कॉम्प्रेस चांगले होतात, फोटोत प्रत्येक पिक्सेल वेगळा, तो दबतच नाही. सीडी आली तेव्हा ६५० एमबी हातात आले आणि हे सगळं एकदम सुटलं.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं म्हणजे फोटोवाल्यांचा सुकाळ. त्याच विल्यम्स जोडप्याच्या सिएरा कंपनीने १९९३ मध्ये पोलीस क्वेस्टचा चौथा भाग काढला, ओपन सीझन, त्यात लॉस एंजेलिसच्या रस्त्यांचे खरे फोटो मागे आणि पुढे खऱ्या माणसांना शूट करून बनवलेली पात्रं. गेमवर नाव डॅरिल गेट्स यांचं, जे त्या शहराचे माजी पोलीसप्रमुख. आणि १९९५ मध्ये जेन जेन्सनचा गॅब्रिएल नाइटचा दुसरा भाग, द बीस्ट विदिन, सहा सीडींचा. म्युनिक आणि बव्हेरियातले फोटो बॅकग्राउंडला, नट मात्र स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे उभे. कथा लांडगा-माणसाची आणि बव्हेरियाच्या राजा लुडविगची, त्यामुळे त्याचा तो नॉयश्वानस्टाइन किल्ला खरा दिसणं गरजेचंच होतं, आणि तिथे फोटो जे काम करतो ते कुठल्याही चित्राने झालं नसतं असं माझं ठाम मत आहे. जागा खरी, राजा खरा, मग खोटी गोष्टही खरी वाटायला लागते.

पण हेच गेम आज लावून बघा, पात्रं जमिनीवर टेकलेली वाटत नाहीत. याची कारणं नीट समजून घ्यायला हवीत कारण आपल्या घाटावर नेमकं तेच होणार. पहिलं कारण उजेड. फोटोत सूर्य डावीकडून आणि स्टुडिओतल्या माणसावर लाइट समोरून, डोळा हे लगेच पकडतो. त्यात २५६ रंगांचं एकच पॅलेट, म्हणजे रंगांचा ठरलेला संच, बॅकग्राउंड, पात्रं आणि बटणं सगळ्यांनी वाटून घ्यायचं, म्हणून कडा खरबरीत. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याची उंची, आणि हे बहुतेक लोक विसरतातच. उभं राहून सरळ फोटो काढला की क्षितिज डोळ्यांच्या रेघेत येतं, जमीन खाली दबून जाते, आणि पात्राला पुढेमागे चालायला पट्टाच उरत नाही. चित्रकार जमीन सोयीने वर उचलून दाखवतो, फोटोवाल्याला त्यासाठी स्वतःला वर चढावं लागतं, आपल्याकडे घाटाच्या वरच्या पायरीवरून किंवा समोरच्या गच्चीवरून खाली बघत काढलेला फोटो म्हणून जास्त कामाचा.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. चित्रात तेवढंच असतं जेवढं काढलंय, फोटोत सगळंच असतं. रामकुंडाचा फोटो घ्या, त्यात वायरी, बॅनर, प्लॅस्टिकच्या पिशव्या, वाळत घातलेली धोतरं, दुचाक्या, फुलांची दुकानं, आणि खेळणाऱ्याला कळतच नाही की यातल्या कशावर क्लिक करायचं. मग तो सगळीकडे माउस घासत बसतो आणि कंटाळून गेम बंद करतो. बुधवारच्या बाजाराच्या दिवशी फोटो काढला तर विचारूच नका.

यावर सगळ्यात सुंदर उत्तर जपानी लोकांनी काढलं. चुनसॉफ्टच्या कामाइताची नो योरू मध्ये, १९९४, सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर, बर्फातल्या एका लॉजचे फोटो मागे आहेत आणि माणसं म्हणजे नुसत्या निळ्या आकृत्या, चेहरा नाही काही नाही. उजेड जुळवायचा प्रश्नच मिटला, आणि खुनाची गोष्ट असल्यामुळे तोंड न दिसणारी माणसं जास्तच भीती घालतात. पुढे २००२ मध्ये हिगुराशी आला, छोट्या हौशी ग्रुपचा, त्यांनी शिराकावा-गो गावचे फोटो फिल्टरमधून काढून रंगवल्यासारखे केले आणि त्यावर हाताने काढलेली पात्रं ठेवली. दोन्हीकडे फोटो आहे तसा ठेवून माणसाला त्यात चिकटवायचा हट्ट सोडलाय, एकाने माणूस बदलला, दुसऱ्याने फोटो.

पाश्चात्य बाजारात मात्र १९९३ च्या मिस्ट या गेमनंतर कॉम्प्युटरमध्ये बनवलेल्या थ्रीडी जागांकडे सगळे वळले, नटांना घेऊन शूटिंग करणं महाग पडत होतं, मोठ्या कंपन्यांनी फोटो सोडून दिले. फोटो परत आला तो एकेकट्या माणसांच्या हातून. क्रिस जोन्सचं अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर १९९७ पासून फुकट मिळत होतं, डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले, आणि ज्याला चित्र येत नाही त्यालाही गेम करता यायला लागला. चेक रिपब्लिकच्या याकुब द्वोर्स्कीने २००३ मध्ये शिक्षण चालू असताना सामोरोस्त केला, शेवाळ, मुळं, लाकडाच्या सालीचे फोटो जोडून आख्खा ग्रह उभा केला. आणि जोनाथन बोक्सचा द लॉस्ट क्राउन, २००८, कॉर्नवॉलमध्ये काढलेले फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून मधेच एखाद्या गोष्टीला रंग ठेवलेला. रंग काढला की पात्र आणि जागा एका सुरात येतात, आणि जिथे रंग ठेवलाय तिकडे नजर आपोआप जाते, म्हणजे वर सांगितलेले दोन प्रश्न एका झटक्यात सुटले. भुताच्या गोष्टीला शोभतंही.

आता आपल्याकडे. पडदा आणि खरी जागा हा प्रश्न नाशिक जिल्ह्याला काही नवीन नाही, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी फोटोग्राफी करत होते, नाटक कंपन्यांचे पडदेही रंगवत होते, आणि राजा हरिश्चंद्रनंतर १९१३ मध्ये ते बिऱ्हाड हलवून नाशकातच आले. आज आपल्यासाठी घाई आहे ती वाड्यांची. भद्रकाली, दहीपूल, तिवंधा या भागातले लाकडी खांबांचे, सज्ज्यांचे वाडे एकेक करून पडतायत किंवा पाडले जातायत, तिथल्या चौकाचे, ओसरीचे, जिन्याचे चांगले फोटो आत्ता मालकांना विचारून काढून ठेवले तर गेम पुढच्या वर्षी झाला तरी चालेल. ढगाळ दिवशी काढा, सावली पडत नाही, मग पात्रावर कुठूनही उजेड टाका, जुळतो. श्रावण त्यासाठी उत्तम. खांब वेगळा, भिंत वेगळी असेही फोटो घ्या, म्हणजे पात्र खांबामागून जाताना कापायला सोपं जातं.

आणि घाटावर एक गोष्ट अशी आहे जी बाकी कुठल्या गावाला मिळणार नाही. पूर किती आला हे आपण घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे बघून सांगतो, पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. एकच सुरक्षित उंच जागा धरून, एकाच फ्रेममध्ये उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत पाण्याच्या प्रत्येक पातळीचा फोटो घेत गेलं तर गेममध्ये तीच बॅकग्राउंड पाच-सहा अवस्थांत मिळते, खालच्या पायरीवर ठेवलेली वस्तू पाणी चढायच्या आत उचलायची असं कोडं त्यातनं सरळ निघतं. त्यासाठी पहिला फोटो मे महिन्यात घेतलेला हवा, पाणी कमी असताना.