हिरड्यांचे दुखणे शरीरभर जाते का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या एका बातमीने अमेरिकेत खळबळ उडवली. दातांच्या फटींत रोज फ्लॉसचा दोरा फिरवा, असे तिथले सरकार १९७९ पासून सांगत होते. त्या सल्ल्यामागचा पुरावा फारच कच्चा आहे, असे बातमीत म्हटले होते. सरकारच्या नव्या आहार-मार्गदर्शिकेतून फ्लॉसचा उल्लेख त्याआधीच गळला होता. बातमी खरी होती. मात्र फटी साफ करण्यातच अर्थ नाही, असा निष्कर्ष त्यातून काढणे चूक होते.

दोरा तसा जुनाच. न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी मेण लावलेला रेशमी धागा दातांमधून फिरवण्याचा सल्ला १८१९ च्या आपल्या पुस्तकात दिला होता. पुढे तो कारखान्यांत तयार होऊ लागला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशमाची जागा नायलॉनने घेतली.

खरा वाद आहे तो तोंड आणि बाकीचे शरीर यांच्या नात्याचा. १९१० मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण दिले. सोन्याच्या टोप्यांखाली पू साचू देणाऱ्या दंतवैद्यकावर त्यांनी कडक टीका केली आणि अनेक आजारांचे मूळ तोंडातल्या या सडण्यात आहे, असे सांगितले. विचारात तथ्य होते, पण त्याचा अतिरेक भयंकर झाला. संधिवात असो वा थकवा, डॉक्टर दात काढायला सांगू लागले. न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात उपटले, पुढे आतड्याचे भागही कापले. त्यात अनेकांचा जीव गेला. १९४० च्या सुमारास ही विचारधारा कोसळली आणि तिच्यासोबत मूळ प्रश्नही अडगळीत पडला. पुढची काही दशके दंतवैद्य तोंडापुरते आणि बाकीचे डॉक्टर तोंड सोडून, अशी वाटणी झाली. मला यातले हे नुकसान सर्वांत मोठे वाटते.

दरम्यान खुद्द हिरड्यांबद्दलचे पक्के ज्ञान एका साध्या प्रयोगातून मिळाले. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्‍हूस येथे दंतवैद्यक संशोधक हाराल्ड लोए यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे दाताच्या कडेला साचणारा जंतूंचा चिकट थर हेच या सुजेचे कारण, आणि तो काढला की सूज ओसरते. हिरडीतून रक्त येते म्हणून तिथे ब्रश लावायचाच नाही, ही आपल्याकडची सवय त्यामुळेच घातक आहे. रक्त येते तिथे तर जास्त निगुतीने साफ करायला हवे.

याच लोए यांनी १९७० पासून श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरील ४८० मजुरांच्या हिरड्या वर्षानुवर्षे तपासल्या. दात घासण्याची पद्धत या मजुरांत नव्हती, दंतवैद्यही नव्हता. कीटण आणि सूज सगळ्यांनाच होती. तरी दातांचा आधार झपाट्याने झिजला तो फक्त ८ टक्क्यांचा. ८१ टक्क्यांचा बेताने झिजला आणि ११ टक्के सुजेपलीकडे गेलेच नाहीत. सारखाच मळ असून परिणाम एवढे वेगळे. ज्याला आपण पायरिया म्हणतो तो नुसत्या घाणीने होत नाही, त्या घाणीला शरीर कसे उत्तर देते यावरही ठरतो.

शरीराचा विषय असा पुन्हा आत आला. १९८९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा खराब आढळले. १९९६ मध्ये अमेरिकेत हिरड्यांचा आजार आणि अकाली प्रसूती यांचा संबंध मांडला गेला. मथळे पुन्हा मोठे झाले. पण २००६ च्या मोठ्या चाचणीत गरोदरपणात हिरड्यांवर उपचार करूनही अकाली प्रसूतींचे प्रमाण घटले नाही. २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितले की हृदयरोगाशी संबंध दिसतो, पण हिरड्यांमुळेच तो होतो असे सिद्ध झालेले नाही. धूम्रपानासारखी कारणे दोन्हींच्या मुळाशी असतात.

फ्लॉसचा पुरावा कच्चा का, हेही समजून घ्यायला हवे. चाचण्या लहान आणि अल्पमुदतीच्या होत्या. शिवाय सगळे हातावर असते. प्रशिक्षित माणसाने शाळा असेल त्या दिवशी मुलांचे दात दोऱ्याने साफ केले तेव्हा कीड बरीच कमी झाली. मुलांनी स्वतः केले तेव्हा फरक पडला नाही. दोरा नुसता वरखाली ओढून भागत नाही, तो दाताला बिलगून हिरडीच्या कडेखाली हलकेच न्यावा लागतो. फटी रुंद असतील तर त्यांसाठी मिळणारा बारीक ब्रश बहुधा सरस ठरतो.

सर्वांत भक्कम दुवा मात्र मधुमेहाचा आहे आणि तो दुतर्फा आहे. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात. हिरड्यांतली जुनी सूज इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हिरड्यांच्या खोल सफाईनंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर दाखवणारे टक्क्यांतले माप, सरासरी ०.४३ अंकांनी उतरते. औषधाला पर्याय नव्हे, पण दुर्लक्ष करण्याइतके थोडेही नाही. मधुमेह घराघरांत पोहोचलेल्या आपल्याकडे रुग्णाचे डोळे पाहिले जातात, पावलांची चौकशी होते. ब्रश करताना रक्त येते का, हा प्रश्नही त्याच तपासणीत विचारला जायला हवा.